समुद्र राखणं आणि कोकणातल्या मच्छीमाराचं पोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मालवण तालुक्यातल्या रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्या, घरातली. गेली काही वर्षं मच्छीमारांचे अर्ज लिहिणं, बैठकांना जाणं, शासनाचे निर्णय वाचून सोप्या भाषेत सांगणं हे काम करते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही किनाऱ्यावरच्या मुलांचे, काही मुंबई-पुण्याहून आलेल्या विद्यार्थ्यांचे, तर काही माझ्याच काकूचे. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

सागरी संवर्धन म्हणजे आमच्या दृष्टीने नेमकं काय काय?

शहरातल्या माणसाला संवर्धन म्हटलं की कासवाचं पिल्लू दिसतं. मच्छीमाराला मात्र त्यात बऱ्याच गोष्टी दिसतात: पावसाळ्यातली मासेमारी बंदी, जाळ्याच्या आसाचा (भोकांच्या मापाचा) नियम, लहान मासे न पकडण्याचा नियम, पर्ससीन (थव्याभोवती आवळायचं मोठं जाळं) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरचे निर्बंध, मालवणचं सागरी अभयारण्य, कांदळवनांचं (खारफुटीचं) संरक्षण, सीआरझेडचे म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम आणि वन्यजीव कायद्यातल्या प्राण्यांना जाळ्यातून सोडणं.

यातले काही नियम मत्स्यव्यवसाय खात्याचे, काही वनखात्याच्या कांदळवन कक्षाचे, काही केंद्राचे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या कायद्याखाली येते, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा अधिकार. समुद्रात रेघ मारलेली नसते, त्यामुळे तक्रार कुठे करायची इथूनच गोंधळ सुरू होतो.

पावसाळी बंदी कधीपासून कधीपर्यंत, आणि तिचा उपयोग होतो का?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे. ती यांत्रिक नौकांना लागू होते. वल्ह्याच्या किंवा शिडाच्या पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे.

उपयोग होतो. या दिवसांत बऱ्याच जातींचे मासे अंडी घालतात आणि दर्याही खवळलेला असतो, म्हणजे मासाही वाचतो आणि माणूसही. आमच्याकडे बंदीचा कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून होड्या मृगाआधी वर ओढून झावळांनी शाकारायची रीत होती. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात जात नसे. श्रद्धेच्या पोटी का असेना, माशांना अडीच-तीन महिने मिळत.

आता एक अडचण सांगते. पौर्णिमा दर वर्षी ऑगस्टमध्ये वेगळ्या तारखेला येते. २०२३ साली अधिक श्रावण होता, पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला आली. जुनी माणसं थांबली, पण मोठे ट्रॉलर १ ऑगस्टलाच सुटले. ज्याने रीत पाळली त्याचा महिना गेला. म्हणून अनेक मच्छीमार संघटना बंदी वाढवण्याची मागणी करतात. बाहेरच्या लोकांना याचं नवल वाटतं, की मच्छीमार स्वतःच बंदी मागतो कसा? पण सगळ्यांना एकच तारीख लागू असेल तर थांबायला पारंपरिक मच्छीमार तयार असतो. एकट्यानेच थांबायचं म्हटलं की तो चिडतो.

बंदीच्या काळात घर कशावर चालतं?

आगोटीवर. मे महिन्यात सुकवलेला जवळा, सुके बोंबील, खारवलेला बांगडा, तांदूळ, तिखट-मीठ, लाकूडफाटा असं सगळं भरून ठेवायचं. घरातल्या बाईने आगोट कशी भरली यावर पावसाळा कसा जाणार ते ठरतं. बाकी जाळी विणणं, होडीची डागडुजी, कोणाकडे भाताची लावणी.

खरा फटका बसतो तो खलाशांना. नौका ज्याच्या नावावर आहे त्याला परवाना, डिझेल परतावा, कर्ज अशी काहीतरी सोय असते. खलाशाचं नाव बहुतेक कागदांवर नसतंच. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळासाठी बचत आणि मदत अशी सोय आहे: मच्छीमाराने वर्षभरात १,५०० रुपये भरायचे, केंद्र आणि राज्य मिळून ३,००० रुपये घालणार, आणि बंदीच्या व मंदीच्या मिळून तीन महिन्यांत दरमहा १,५०० रुपये हाती येणार. कागदावर चांगलं आहे. दीड हजारात महिनाभर घर चालतं का, हे कोणत्याही गृहिणीला विचारा.

लहान पापलेट पकडलं तर काय बिघडतं? जाळ्यात येतं म्हणून पकडतो.

पालघरच्या एका तरुण मच्छीमाराने मला हे अगदी सरळ मनाने विचारलं होतं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. रुपेरी पापलेटासाठी तो १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८०, सुरमईसाठी ३७० मिलिमीटर. हे आकार केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवर आधारलेले आहेत. मासा निदान एकदा अंडी घालण्याच्या वयाला पोचावा, एवढाच त्यामागचा विचार. त्याच वर्षी रुपेरी पापलेट, म्हणजे आमचा सरंगा, राज्यमासा म्हणूनही जाहीर झाला.

आता हिशेब. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. तळहातापेक्षा लहान पापलेटाची पिल्लं किलोत पंधरा-वीस बसतात. तीच वाढली असती तर त्यांचे सहा-सात किलो झाले असते. त्यातली काही मेली असती, काही दुसऱ्याच्या जाळ्यात गेली असती, हे धरूनही फरक मोठा आहे. वर भाव वेगळा. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीत मच्छीमारांच्या सहकारी संस्था पापलेटाची वजनावर प्रतवारी करतात आणि अर्ध्या किलोवरचा ‘सुपर’ ठरतो. पिल्लाच्या किलोला आणि सुपरच्या किलोला मिळणारे पैसे कितीतरी पट वेगळे. म्हणजे पिल्लू पकडणारा माणूस स्वतःचीच ठेव मुदतीआधी, व्याज सोडून, मुद्दल कापून घेऊन काढत असतो.

पण त्या मुलाने पुढे विचारलं, “मी सोडलं तर दुसरा पकडणार नाही कशावरून?” या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. गावाने मिळून ठरवलं, मच्छीमार सोसायटीने लहान मासळी घ्यायची नाही असं ठरवलं, तरच ते टिकतं. सातपाटीच्या संस्थांनी लहान पापलेटाबाबत स्वतःहून बंधनं घालून घेण्याचे प्रयत्न शासनाच्या आदेशाच्या कितीतरी आधी केले होते. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं, आणि सरकारी पत्रकांत ते सहसा नसतं.

डोलवाल्यांनी मग काय करायचं? डोलीत सगळंच येतं.

खरं आहे. डोल हे समुद्रात खांबांना किंवा नांगरांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर जे येईल ते आत जातं. बोंबील आणि जवळा हे डोलीचं मुख्य उत्पन्न. जवळा पकडायचा तर शेवटच्या पिशवीचा आस बारीकच लागतो, आणि बारीक आसात पापलेटाची पिल्लंही अडकतात.

डोलवाल्याला “आस मोठा कर” म्हणणं म्हणजे “जवळा सोड” म्हणणं. म्हणून इथे सरसकट नियम चालत नाही. पिल्लं जास्त दिसतात त्या ठरावीक आठवड्यांत त्या भागात डोल लावायची नाही आणि बाकीचे दिवस मोकळे, हा मार्ग मला जास्त माणुसकीचा वाटतो. पिल्लं कधी आणि कुठे दिसतात हे तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक असतं, आणि त्याला विचारायला कोणी गेलं तर तो सांगतोही.

पर्ससीन आणि एलईडीचा वाद एवढा का पेटतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रापण म्हणजे काय ते आधी समजून घ्या. किनाऱ्याजवळ आलेल्या थव्याला होडीतून अर्धगोल जाळं घालायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. एका रापणीला चाळीस-पन्नास, कधी त्याहून जास्त माणसं लागतात. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. दोरीला हात लावलेल्या म्हाताऱ्यालाही टोपलीभर बांगडा मिळतो. माझ्या आजोबांच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्या हातात जोर उरला नव्हता, तरी ते दोरीपाशी उभे राहत आणि त्यांचा वाटा घरी येई. ही आमची पेन्शन होती.

रापण थव्याची वाट बघते. पर्ससीन थव्याला गाठते. मोठं जाळं थव्याभोवती गोल फिरवतात, खालची दोरी आवळून बटव्यासारखं तोंड बंद करतात, आणि बांगडा, तारली असा थवाच्या थवा एका वेळी वर येतो. जो थवा किनाऱ्याकडे येणार होता तो वाटेतच संपतो. एलईडीमध्ये नौकेवरच्या जनरेटरवर प्रखर दिवे लावतात, कधी पाण्याखालीही सोडतात, आणि प्रकाशाकडे खेचली जाणारी मासळी लहान-मोठी न बघता गोळा होते.

नियम काय सांगतात? महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच ठेवली, क्षेत्र ठरवून दिलं आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करायचं धोरण घेतलं. एलईडीच्या वापरावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेला.

तरीही जानेवारीनंतर रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते. गस्तीनौका मोजक्या आणि किनारा लांब. त्यात परराज्यांतले वेगवान ट्रॉलर येतात, त्यांच्यामागे आमची पात, म्हणजे छोटी होडी, कुठे पोचणार? आचऱ्यापासून मालवणपर्यंत समुद्रात झालेले संघर्ष यातूनच आले. मी हाणामारीचं समर्थन करत नाही. पण ज्या माणसाने बावीस दिवस जाळं ओढून डिझेलचे पैसेही काढले नाहीत, त्याच्या रागाला मी गुन्हेगारी म्हणणार नाही.

दुसरी बाजूही मांडते. पर्ससीन नौकेवर काम करणारे खलाशीही गरीबच आहेत. नौकामालकाने कर्ज काढून, अनेकदा शासनाच्याच प्रोत्साहनाने मोठी नौका बांधली, आणि नंतर हंगाम चार महिन्यांवर आला. परवाने कमी करायचे असतील तर नौका आणि जाळी परत विकत घेण्याची योजना हवी. ती नसेल तर कर्जाचा हप्ता माणसाला बेकायदा जाळ्याकडेच ढकलतो.

मालवणचं सागरी अभयारण्य झालं, मग मासेमारी बंद आहे का?

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यात ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतालचं पाणी या गाभ्यात येतं. इथे प्रवाळ आहेत, समुद्री शैवालं आहेत, खडकांत शेवंड आणि कालवं आहेत.

त्या दिवसापासून लोकांचा विरोध आहे, आणि तो प्रवाळांना कधीच नव्हता. लोकांना भीती होती की घरासमोरच्या पाण्यात जायला उद्या परवानगी मागावी लागेल. किल्ल्याभोवतीच्या खडकांत गळ टाकणारे, कालवं काढणाऱ्या बायका, न्हयीचं जाळं घालणारे, होडीतून पर्यटक नेणारे अशा सगळ्यांची रोजची वाट त्याच पाण्यातून जाते. १९८७ ला गावाला विश्वासात घेऊन सीमा ठरली असती तर पुढची तीस-पस्तीस वर्षं निराळी गेली असती, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २६-अ मध्ये लिहिलं आहे की प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचं रक्षण करण्यासाठी पुरेशी उपाययोजना करूनच सीमा ठरवावी. १९९१ च्या दुरुस्तीत हे आलं. बैठकीला जाल तेव्हा हे कलम तोंडपाठ करून जा. मी तर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पिशवीत ठेवते.

व्यवहारात मासेमारी पूर्ण थांबलेली नाही, आणि राखणही धड झालेली नाही. लोकांच्या मनात धाक तेवढा राहिला आणि प्रवाळांना बघणारं कोणी नाही, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

जाळ्यात कासव किंवा डॉल्फिन अडकलं तर जाळं कापावं का? नुकसान कोण देणार?

कापा आणि सोडा. समुद्री कासवं, डॉल्फिन, व्हेल शार्क हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना मारणं किंवा विकणं हा तीन ते सात वर्षांच्या तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

डिसेंबर २०१८ पासून राज्यात नुकसानभरपाईची योजना आहे. संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो, त्यामुळे खलाशांपैकी एकाला मोबाइल हातात घ्यायला सांगा. चेहरा, नौकेचा नंबर, कापलेलं जाळं आणि पाण्यात जाणारा प्राणी हे सगळं दिसू दे. अर्ज किनाऱ्यावर आल्यावर लगेच द्या.

ही योजना मला फार महत्त्वाची वाटते, कारण या यादीत हाच एक असा नियम आहे जो मच्छीमाराला आधी “तुझं नुकसान झालं” असं म्हणतो. योजना आल्यानंतर समुद्रातून कासवं, डॉल्फिन, व्हेल शार्क सोडल्याचे व्हिडिओ किनाऱ्यावरच्या मोबाइलांवर फिरायला लागले. आधीही लोक सोडत होते, कासवाला देव मानणारी घरं आमच्यात पुष्कळ आहेत. पण आता मोठं जाळं कापताना तांडेलाला मालकाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. फक्त पैसे वेळेवर यायला हवेत. नवं जाळं आठवड्यात लागतं.

कासव महोत्सवातून मच्छीमारांना काय मिळतं?

गावागावावर अवलंबून आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं. त्याआधी अंडी खाल्ली आणि विकली जात. आता अंडी कुंपणात हलवतात, ४५ ते ६० दिवसांत पिल्लं निघतात, आणि ती समुद्रात जाताना बघायला दूरदूरहून माणसं येतात. घराघरांत राहण्या-जेवणाची सोय झाली. आंजर्ले, गुहागर, वायंगणी अशा अनेक किनाऱ्यांवर आता हे काम चालतं. गुहागरला तर ओडिशात खूण लावलेली मादी २०२५ मध्ये अंडी घालायला आली, आणि शास्त्रज्ञही थक्क झाले.

हे सगळं चांगलं आहे, पण एक बारकावा आहे. महोत्सवाचा पैसा ज्याच्याकडे खोली आणि स्वच्छतागृह आहे त्याच्या घरात जातो. कासवासाठी जाळं कापणारा माणूस सहसा दुसरा असतो, आणि त्याच्या झोपडीत पाहुणा राहत नाही. गावसमितीने महोत्सवाच्या उत्पन्नातला थोडा भाग जाळ्यांसाठी वेगळा ठेवला तर हे अंतर मिटेल.

अमेरिकेने आपली कोळंबी का नाकारली?

अमेरिकेच्या कायद्यानुसार कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात कासवाला बाहेर पडायची सोय हवी. ती आपल्याकडे नसल्याने २०१९ पासून समुद्रात पकडलेल्या भारतीय कोळंबीला तिथला बाजार बंद झाला. तळ्यात वाढवलेली कोळंबी जाते.

उपाय आहे. जाळ्याच्या गळ्याशी तिरकी लोखंडी जाळी बसवतात, कोळंबी गजांमधून मागे जाते आणि कासव वरच्या किंवा खालच्या फटीतून सुटतं. याला टेड म्हणतात. केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना बसेल असा टेड बनवला आहे. ट्रॉलरवाले म्हणतात, थोडी मासळी जाते. जाते, पण गेलेला बाजार त्यापेक्षा मोठा आहे.

कांदळवन राखून आमचा काय फायदा? होडी लावायला जागा उरली नाही.

कोळंबी, बोयी, काळुंदर, खेकडे यांची पिल्लं खाडीतल्या कांदळवनाच्या मुळांत वाढतात. खाडीत पाग टाकणाऱ्याचं पोट थेट या झाडांवर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कांदळवन तोडीविरुद्ध कडक आदेश दिले. २०१२ मध्ये राज्याने कांदळवन कक्ष स्थापन केला.

जागेची तक्रार खरी आहे. गाळ साचतो, त्यावर कांदळ वाढतं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची होडीची वाट बंद होते. फांदी तोडली तरी गुन्हा. यावर वाट आधी नकाशावर नोंदवून घेणं हाच उपाय. सीआरझेडच्या आराखड्यात मच्छीमारांच्या वस्त्या, मासळी सुकवायच्या जागा, होड्या लावायच्या जागा दाखवल्या जायला हव्यात. ग्रामसभेत तो नकाशा मागा आणि आपली वाट त्यावर आहे का ते बघा. बहुतेक ठिकाणी नसते.

उपजीविकेची योजनाही आहे. कांदळवन सहव्यवस्थापन समितीमार्फत गटाला खेकडापालन, कालवंपालन, शिणाणेपालन (शिंपल्यांचं), पिंजऱ्यातलं मत्स्यपालन यासाठी प्रकल्प खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. खेकड्याचं बीज तमिळनाडूतल्या उबवणी केंद्रातून आणावं लागतं. वाटेत मरतूक होते, आणि पाऊस जास्त झाला की पाण्याचा खारटपणा उतरतो. पहिल्याच वर्षी नफा दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. ते चाललं, कारण खाडी त्यांची ओळखीची होती आणि गुंतवणूक झेपणारी होती.

स्कूबा आणि पर्यटन हा मासेमारीला पर्याय आहे का?

तारकर्ली, दांडी, देवबाग इथल्या शेकडो मुलांना पर्यटनाने रोजगार दिला. मासे मिळेनासे झाले तेव्हा याच धंद्याने घरं तारली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तो हंगामी आहे, आणि टाळेबंदीत एका दिवसात बंद पडला. तेव्हा तीच मुलं परत जाळ्याकडे आली. म्हणून मी ‘जोडधंदा’ म्हणते, ‘पर्याय’ म्हणत नाही.

प्रवाळावर उभं राहून फोटो काढू देऊ नका, नांगर प्रवाळावर टाकू नका. हे स्कूबावाल्या मुलांना मी हात जोडून सांगते. पर्यटक जे बघायला येतात तेच पायाखाली मोडतं.

या सगळ्यात बायका कुठे आहेत?

लिलावात, बाजारात, वलांडीवर बोंबील वाळत घालताना, खडकावर कालवं फोडताना. मासळी घटली की पहिला फटका पाटी घेऊन मासे विकणाऱ्या पाटीवालीला बसतो. मोठ्या नौकेचा माल थेट ट्रकने बर्फात जातो. तिच्या हाताला येतो तो रापणीचा, डोलीचा, पातीचा मासा. म्हणजे लहान मासेमारी बुडाली की बायकांचा धंदाही बुडतो. तरीही मासेमारीच्या कोणत्याही नियमाचा तिच्यावर काय परिणाम होईल ते वेगळं कोणी मोजत नाही. तिचं नाव सोसायटीच्या सभासद यादीत घाला, ओळखपत्र काढून द्या. माझ्या मते कुठल्याही प्रकल्पाआधी हे काम करायला हवं.

नियम आम्हालाच का? कारखाने आणि बंदरांचं काय?

हा प्रश्न योग्य आहे. दाभोळ खाडीतले भोई बांधव रासायनिक सांडपाण्याने मेलेल्या मासळीबद्दल वर्षानुवर्षं बोलत आहेत. डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि त्याच किनाऱ्यावर वाढवण बंदराला फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळून ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. ज्या डोलवाल्याला आपण पापलेटाच्या पिल्लाबद्दल समजावतो, त्याच्या मासेमारीच्या जागेवर भराव पडणार असेल तर आपल्या शब्दाला किंमत राहत नाही. तरीही मी त्याला पिल्लू सोड म्हणते, पण ते म्हणताना मान वर करून म्हणता येत नाही.

वादळांमुळे दिवस किती जातात?

२०१९ मध्ये क्यार ऐन हंगामात आलं, ३ जून २०२० ला निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते. नौका फुटल्या त्या वेगळ्याच. वादळ आलं नाही तरी इशारा आला की होड्या किनाऱ्यावर. बंदीच्या ६१ दिवसांत हे दिवस मोजले जात नाहीत. भरपाई ठरवताना ते मोजायला हवेत.

आम्ही मासे खाणारे काय करू शकतो?

पिल्लं घेऊ नका. पापलेट बोटभर दिसलं की मावशीला सांगा, “एवढं लहान नको.” चार गिऱ्हाइकांनी म्हटलं की ती पुढच्या लिलावात ते उचलत नाही. फक्त पापलेट आणि सुरमई न मागता हंगामात जे येतं ते खा: तारली, पेडवे, सौंदाळे, बांगडा. आणि पाटीवालीशी शेवटच्या दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका.

आमच्या गावात संवर्धनाची बैठक घ्यायची आहे. मच्छीमार येतच नाहीत. काय करावं?

अधिकारी आणि संस्था दोघंही हे विचारतात. मी उलट विचारते, बैठक किती वाजता ठेवली होती? उत्तर ठरलेलं असतं: सकाळी अकरा, तालुक्याच्या ठिकाणी. अकराला पहाटेची होडी नुकतीच लागलेली असते, जाळं साफ करायचं असतं, बायका बाजारात असतात. तालुक्याला जायचं तर दिवस मोडतो, आणि रिक्षाचे पैसे पदरचे.

बैठक संध्याकाळी पाचनंतर ठेवा, रापणीच्या मांगरात (जाळी ठेवायच्या झोपडीत) किंवा देवळाच्या सभामंडपात. भरती-ओहोटी बघून दिवस ठरवा, उधाणाचे दिवस टाळा. मसुदा मराठीत आठ दिवस आधी द्या. नकाशावर सागरी मैल लिहू नका, वाव (पाण्याच्या खोलीचं आमचं माप) लिहा आणि खडकांची आमची नावं लिहा. मग जागा कमी पडेल इतकी माणसं येतील. सतरंजी मोठी आणा.